चौघांना न विचारता केलेली खरेदी

केळीची टिश्यूची रोपं घ्यायची असली की आमच्या चोपडा तालुक्यातला शेतकरी आधी चार बागा पायाखाली घालतो. रोपं कुठल्या लॅबची, किती दिवसांत निसवली, घड किती किलोचा पडला, कोणाच्या बागेत व्हायरस निघाला, पैसे घेतल्यावर कंपनीवाला फोन उचलतो का, हे सगळं विचारून झालं की मग खिशाला हात. ठिबकचं दुकान चालवत मला वीस वर्षं झाली. सोळा एमएमची नळी घ्यायला येणारा माणूससुद्धा शेजारच्या दुकानातला भाव काढून आलेला असतो, आणि ते लपवत नाही. असा हा मुलूख. पण ह्याच मुलखातला माणूस मनाच्या दुखण्यासाठी खिशातले रोख पैसे मोजून समुपदेशकाच्या बंद खोलीत जाऊन बसतो, तेव्हा मात्र कोणालाच काही विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

केळीवर सीएमव्ही हा व्हायरस आला त्या साली लोकांनी उभ्या बागा उपटून बांधावर फेकल्या आणि माझी उधारी त्यांच्यासोबत बांधावर गेली. रात्री तीनला जाग यायची, छातीत धडधड, तळहाताला घाम. पहिले पैसे अर्थात छातीवर गेले. ईसीजी, टूडी एको, रक्ताच्या तपासण्या, बी-१२ची इंजेक्शनं, मेव्हण्याच्या आग्रहाखातर दोन बाटल्या सलाईन. सगळं मिळून अकरा हजारांच्या घरात. रिपोर्ट सगळे नॉर्मल. शेवटी जळगावच्या एका फिजिशियनने रिपोर्टची फाईल मिटवून विचारलं, "टेन्शन कशाचं आहे?" मी म्हटलं, कशाचंच नाही. त्यांनी चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला, समुपदेशन. नाव नाही, पत्ता नाही. ती चिठ्ठी चार महिने पाकिटात राहिली, घडीवर फाटेपर्यंत.

घरी विषय काढला तेव्हा माय म्हणाली, "बोलाना बी पैसा? घरमा मानसं कमी शेतस का?"

ह्या प्रश्नावर शिकलेली माणसं हसतात. मला तो सगळ्यांत प्रामाणिक प्रश्न वाटतो, कारण समुपदेशनाला जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तो असतो आणि विचारायची लाज वाटते. मी दिलेलं उत्तर त्या दिवशी मायला पटलं नाही, पण माझ्यापुरतं ते आजही खरं आहे. घरच्या माणसाला माझ्या दुखण्यात वाटा असतो. मायला सांगितलं तर ती ऐकेल, आणि रात्रभर स्वतः जागेल. बायकोला सांगितलं तर ती गळ्यातलं मोडायला काढेल. टपरीवरचा मित्रही ऐकेल, पण दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये दाढी करताना ते त्याच्या तोंडून निसटेल. ज्याला माझ्याकडून काही घ्यायचं नाही, द्यायचं नाही, माझ्या रडण्याने ज्याची झोप जाणार नाही आणि ऐकायचं कसं ह्याचं ज्याने शिक्षण घेतलं आहे, असा माणूस आठवड्यातून पन्नास मिनिटं मिळावा, ह्याचे ते पैसे.

फीचं समर्थन करताना पुष्कळ लोक एक वाक्य फेकतात, फुकटाची किंमत नसते म्हणून. ते मला मान्य नाही. माझा चुलतभाऊ दोन वर्षं धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत जात होता. केसपेपर, लाकडी बाकडं, गर्दी आणि जवळजवळ फुकट मिळणाऱ्या गोळ्या. तो आज शेती करतो. त्या फुकटाची किंमत आमच्या घराला चांगली माहीत आहे. फी घेणारा चांगला आणि न घेणारा कुचकामी असं काही नसतं. फी द्यावी लागते कारण बोलून करायच्या उपचाराला वेळ लागतो, आणि शंभर माणसांच्या रांगेत सरकारी डॉक्टर एकेकाला पन्नास मिनिटं देऊ शकत नाही. एवढं साधं कारण आहे.

आता माझी खरेदी कशी झाली ते.

जळगावात एका लॅबच्या वरच्या मजल्यावर पाटी पाहिली, समुपदेशन केंद्र. मोटरसायकल दोन गल्ल्या सोडून लावली. जिना चढताना रुमाल तोंडावर होता, ऊन नसताना. आत गृहस्थ भले दिसले. भिंतीवर सात-आठ प्रमाणपत्रं, काचेच्या चौकटीत. माझं आडनाव आणि गाव ऐकल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे पारोळ्याच्या अमक्यांचे तुम्ही जावई ना?" तिथेच उठायला हवं होतं. पन्नास मिनिटांपैकी चाळीस मिनिटं ते बोलले, त्यांनी कसे वाईट दिवस काढले ते. मग दहा बैठकांचं पॅकेज, सहा हजार, आगाऊ, "गॅरंटीने फरक". मी दिले. पावती मागितली नाही. शिक्षण काय ते विचारलं नाही. नळीच्या बंडलाचं वॉरंटी कार्ड उलटंपालटं करून वाचणारा मी, सहा हजार देऊन खाली उतरलो आणि मला हलकं वाटलं, कारण कोणी पाहिलं नव्हतं.

तीन बैठकांनंतर जाणं बंद केलं. उरलेले पैसे बुडाले. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हणजे आधी गेलो होतो हे कबूल करणं आलं. सहा-सात महिन्यांनी माझा एक जुना गिऱ्हाईक दुकानात बसला होता, डोळे खोल गेलेले. बोलता बोलता म्हणाला, जळगावात एका ठिकाणी जातो, दहाचं पॅकेज घेतलं. तीच पाटी, तोच जिना. मी तोंड उघडलं असतं तर त्याचे सहा हजार वाचले असते. ते सहा हजार त्याने कापसातून काढले होते.

माझं म्हणणं ह्या एका ठिकाणी येऊन थांबतं. खान्देशात आपण समुपदेशनाचे जे पैसे मोजतो त्यातले निम्मे गुप्ततेचे असतात. बहिणीच्या मुलीचं स्थळ मोडू नये, गावात "डोकं फिरनं" म्हणू नये, सोसायटीच्या निवडणुकीत विरोधकाच्या हाती काही लागू नये. भुसावळची माणसं त्यासाठी रेल्वेत बसून नाशिक गाठतात, नंदुरबारची सुरत गाठतात. जळगावात चांगलं कोणी नाही म्हणून जाणारे थोडे, ओळखीचं कोणी भेटायला नको म्हणून जाणारे फार. ही गुप्तता आपलं रक्षण करते असं आपण समजतो. खरं तर ती सर्वांत जास्त रक्षण करते कच्च्या समुपदेशकाचं. वाईट बियाणं विकणारा दुकानदार एका हंगामात उघडा पडतो, कारण ज्याचं पीक गेलं तो चौकात उभा राहून सांगतो. इथे ज्याचे पैसे गेले तो गल्ली बदलून घरी जातो. आणि चांगल्या समुपदेशकाचीही त्यात गोची होते. त्याच्याकडे बरा झालेला माणूस त्याचं नाव कोणाला सांगत नाही.

म्हणून चौघांना विचारणं जमत नसेल तर निदान त्या पाचव्यालाच, म्हणजे समोर बसलेल्यालाच, विचारावं. पैसे देण्याआधी, फोनवर. चांगला माणूस चिडत नाही. चिडला तर आपले पैसे वाचले.

पहिला प्रश्न शिक्षणाचा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी किंवा तत्सम पदवी घेतलेला डॉक्टर. गोळ्या लिहितो तो हा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रात एमए करून पुढे सहसा दोन वर्षांचं एम.फिल. केलेला आणि आरसीआयच्या, म्हणजे १९९२च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव असलेला. तो गोळ्या देत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक परिषदेच्या वेबसाइटवर पाहता येतो. तिसरा समुपदेशक, आणि इथे मोकळं रान आहे. मानसशास्त्रात एमए करून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं काम केलेली उत्तम माणसं ह्याच नावाने बसतात आणि तीन दिवसांची कार्यशाळा करून आलेलीही ह्याच नावाने बसतात. २०२१ साली केंद्राने संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा केला, त्यात वर्तन-आरोग्याच्या क्षेत्रातले समुपदेशकही धरले. कायदा झाला, पण तालुक्याच्या गावात पाटी लावायला आजही कोणी आडवं येत नाही. शाळेत येऊन मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन "बुद्धीचा रिपोर्ट" विकणारेही स्वतःला समुपदेशकच म्हणवतात. त्या ठशांना शास्त्राचा आधार नाही, आणि त्या रिपोर्टला आमच्या गावातल्या पालकांनी हजारो रुपये दिलेले मी पाहिले आहेत. तिथे मात्र कोणी मोटरसायकल लांब लावत नाही.

दुसरा प्रश्न, माझं बोलणं कुठे जाईल? २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ने उपचार करणाऱ्यावर गोपनीयतेचं बंधन घातलं आहे. ही गोपनीयता सरसकट नाही. जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होणार असेल, न्यायालयाने मागितलं असेल, तर ती उघडते. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याप्रमाणे कळवावंच लागतं. मी आता जिच्याकडे जातो त्या मॅडमनी हे सगळं पहिल्या दहा मिनिटांत, मी न विचारता सांगितलं आणि कागदावर सही घेतली. सही करताना मला पहिल्यांदा वाटलं की हा व्यवहार आहे. वाईट अर्थाने नाही. दोन्ही बाजूंना काही देणं लागतं अशा अर्थाने.

त्या पहिल्या भेटीत उपाय मात्र मिळाला नाही. झोप किती, जेवण कसं, दारू आहे का, आधी काय औषधं घेतली, घरात कोणाला असा त्रास होता का, आणि सरळ आवाजात, मरून जावं असं कधी वाटलं का. एवढंच झालं आणि वेळ संपली. नऊशे रुपये. उतरताना मी मनात शिव्या दिल्या. आपल्याला वाटतं भगतासारखं, नाहीतर डॉक्टरसारखं, हातावर काहीतरी ठेवतील. दुसरीकडे, दोन महिने झाले तरी आपण कशासाठी येतोय आणि कुठवर आलो हे समोरच्याला सांगता येत नसेल, तर ते विचारणं आपलं काम. चिंता आणि नैराश्यावरच्या विचार-वर्तनाच्या उपचारात साधारण बारा ते वीस बैठका धरतात. सोळा धरल्या तर नऊशेच्या हिशेबाने चौदा हजार चारशे. माझ्या छातीच्या तपासण्यांपेक्षा तीन-साडेतीन हजारांनी जास्त. त्या तपासण्यांचा भाव करायला मी गेलो नव्हतो, इथे गेलो. मॅडम म्हणाल्या, परवडत नसेल तर पंधरवड्याला या, किंवा आपण फी ठरवू. हे मला आधी माहीत असतं तर चार महिने चिठ्ठी पाकिटात राहिली नसती.

फीबद्दल अजून एक. आमच्याकडे आठवड्याला पैसा येत नाही. कापूस विकला की येतो, केळी कापली की येतो. किराणावाल्याची वही आहे, खतवाल्याची आहे, माझीही आहे. मग समुपदेशकाची का नसावी, असं एका गिऱ्हाइकाने मला विचारलं. मी उधारी देणारा माणूस आहे म्हणून सांगतो, नसावी. उधारी थकली की माणूस दुकानासमोरून जायचं टाळतो, आणि इथे टाळणं हाच तर आजार. त्यापेक्षा हंगामात दोन जास्त बैठका, सुगी नसताना महिन्याला एक, असं मोकळेपणाने ठरवावं. पॅकेजचे आगाऊ पैसे कधी देऊ नयेत.

न गेल्याची फी ह्या प्रकाराचा मला प्रचंड राग आला होता. चोवीस तास आधी कळवलं नाही तर पूर्ण पैसे, असा त्यांचा नियम. भावकीत मयत झालं, विदगावच्या पुलापर्यंत आलेला मी तिथूनच परत फिरलो. मयत काय चोवीस तास आधी कळवून होतं? मॅडमनी त्या वेळचे घेतले नाहीत, पण नंतर बियाण्याच्या कंपनीच्या जेवणाला गेलो तेव्हाचे घेतले. बरोबर घेतले.

आणि विमा. दर वर्षी हप्ता भरणारे विचारतात, क्लेम होईल का? २०१७च्या कायद्याचं कलम २१ सांगतं की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखीच सोय द्यावी. वाचायला छान. पण आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झालं तरच पैसे देतात, आणि समुपदेशन खाटेवर झोपून होत नाही, खुर्चीवर बसून होतं. म्हणजे समानता अशी की दोन्हीकडे ओपीडीचे पैसे आपणच भरायचे. मधुमेहवाल्याला निदान गोळ्या स्वस्तात मिळतात. इथे माणसाचा वेळ हेच औषध आहे आणि त्याचं जेनेरिक निघत नाही. सरकारी योजनांचा ओढाही भरती होण्याकडेच. माणूस पार कोसळून खाटेवर पडला की पैसे आहेत, कोसळू नये म्हणून नाहीत.

इथे मला माझ्याच म्हणण्याला आडवं जावं लागतं. प्रश्न विचारा, पावती घ्या, फी ठरवा, हे सगळं ज्याच्या खिशात नऊशे रुपये आहेत त्याच्यासाठी झालं. निंदणीला जाणाऱ्या बाईची ती तीन-चार दिवसांची मजुरी आहे. बंगळुरूच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्य-चिंतेसारख्या नेहमीच्या त्रासांत ८५ टक्के लोक उपचाराविना असल्याचं आढळलं. ती पाहणी बारा राज्यांत झाली, त्यात महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे आपल्याकडे बरं असेल असं समजायला कोणाची हरकत नाही, फक्त नंदुरबारच्या आदिवासी भागात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, एक चक्कर मारून यावी. तिथल्या माणसाशी पावरी किंवा भिलीत बोलणारा समुपदेशक कुठे बसतो ते मला कोणी दाखवावं. भगताला नावं ठेवणं सोपं आहे. भगत निदान त्याच्या भाषेत बोलतो, पाड्यातच राहतो, आणि त्याच्याकडे जाताना तोंडाला रुमाल बांधावा लागत नाही.

१४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२पासून सुरू, फुकट, चोवीस तास, मराठीतही. रात्री तीन वाजता तो फार मोठा आधार आहे आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायला हवा. पण आठवड्यामागून आठवडे एकाच माणसासमोर बसून करायचं काम फोनच्या हेल्पलाइनने भागत नाही. २०१७च्याच कायद्याचं कलम १८ प्रत्येकाला सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क देतं. तो हक्क जिल्ह्याच्या ठिकाणी संपतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस, अहिराणी समजणारा, पगारी समुपदेशक बसवला पाहिजे. खाजगीवाल्यांनाही त्याने धाक राहील, जसा रेशनच्या गव्हामुळे किराणावाल्याला राहतो. आणि दुसरी मागणी बिनखर्चाची आहे. नर्सिंग होमना २०२१च्या नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितलं. समुपदेशन केंद्राच्या दारावर शिक्षण, नोंदणी असेल तर क्रमांक, एका बैठकीची फी आणि रद्द करण्याचा नियम, एवढ्या चार ओळी लावायला काय हरकत आहे? ज्याला विचारायची लाज वाटते त्याने निदान वाचून तरी घ्यावं.

ऑनलाइनचंही विचारतात लोक. मी सहा बैठका तशा केल्या, पुण्याच्या एका बाईंकडे, पंधराशे रुपये. घरात जागा नव्हती. आमच्या घरात दार लावून बसणारा माणूस म्हणजे एक तर आजारी, नाहीतर नवरा-नवरी. म्हणून शेतातल्या मोटारीच्या खोलीत बसायचो, खताच्या गोण्यांवर, स्टार्टरच्या पेटीला फोन टेकवून. त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज वीज दिवसाची होती. नेमकं मी बापाबद्दल बोलत असताना लाइट आली आणि ऑटोवर टाकलेली मोटार धाडकन सुरू झाली. बाई घाबरल्या. मी म्हटलं, "काही नाही मॅडम, पाणी सुरू झालं." मग आम्ही दोघं हसलो आणि मी पुढे बोलू शकलो. पण मी "मना जीव लागत नही" म्हटलं की त्या "म्हणजे नेमकं कुठे?" असं विचारायच्या, आणि त्याचं मराठी करून सांगेपर्यंत त्यातलं निम्मं दुखणं निघून जायचं. म्हणून परत जळगावच्या मॅडमकडे. एसटीने दीड तास लागला तरी चालेल.

हल्ली मोटरसायकल नेली तर दाराशी लावतो. एकदम धीर आला असं नाही. एकदा त्या पॅकेजवाल्या गिऱ्हाइकाला दुकानात बसवून सगळं सांगितलं, माझे सहा हजार, त्याचे सहा हजार. तो बराच वेळ लॅटरल नळीच्या बंडलाकडे बघत बसला. मग आजूबाजूला कोणी नाही हे पाहून हळूच म्हणाला, "भाऊ, आते तू जास ती बाई कितला लेस?"

मी जरा मोठ्यानेच सांगितलं. नऊशे. पावती देते.